भातकापणीचे दिवस आणि वडखळ परिसरातील हवामान

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा फाटा जेथे फुटतो, ते वडखळ हे रायगड जिल्ह्यातील प्रवाशांच्या परिचयाचे गाव. पश्चिमेस धरमतरची खाडी व खारजमिनी, पूर्वेस सह्याद्रीची रांग आणि या दोहोंमध्ये अंबा नदीचे खोरे, अशी येथील भूरचना आहे. खंडाळ्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी ही नदी पाली व नागोठण्यावरून येऊन खाडीस मिळते. समुद्र आणि डोंगर यांतील अंतर थोडे असल्याने आश्विन-कार्तिकात येथील हवामान एकाच दिवसात अनेक रूपे घेते. नेमक्या याच काळात शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य शेतात उघड्यावर असते. त्यामुळे या हवामानाची समज हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

सकाळी ऊन, सायंकाळी गडगडाट

भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईहून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परत जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. पूर्वी ती सप्टेंबरच्या अखेरीस धरली जात असे. म्हणजे हस्त नक्षत्र संपून चित्रा लागेपर्यंत पाऊस रेंगाळतो, असे धरूनच नियोजन केले पाहिजे.

या दिवसांत ढग विरळ होतात, परंतु जमिनीत ओल भरपूर असते. सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून वाहतो. समुद्रावरील गार वारा आत येण्यास जितका उशीर होतो, तितका उकाडा वाढतो. दुपारी हा दमट वारा डोंगरउतारावर चढून थंड होतो आणि घाटमाथ्यावर उंच ढग उभे राहतात. वरच्या थरातील पूर्वेचे वारे हे ढग खाली कोकणात ढकलतात. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशातून सायंकाळी विजांसह सर कोसळते, त्यामागील कारण हेच होय.

वादळे दूरची, नुकसान जवळचे

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचेही दिवस आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळाने अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळ तर किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने गेले; तरीही त्या सुमारास झालेल्या पावसाने कोकणात उभे भात आडवे झाले आणि कापलेल्या भातास मोड आले. वादळ दूर आहे, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही, हा त्यातील धडा होय. अशा वेळी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले, तर खारजमिनीच्या बाहेरकाठ्यांवरही ताण येतो. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरल्यास त्या हंगामाच्या पिकाबरोबर जमिनीचा कसही जातो.

धुके, दव आणि थंडी

नोव्हेंबरच्या मध्यापासून हवा कोरडी होऊ लागते. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सरासरी सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे सुमारे ६०० मीटर उंचीवरील लोणावळा दिवसा खोऱ्यापेक्षा तीन-चार अंशांनी थंड असणे स्वाभाविक आहे. निरभ्र व शांत रात्री मात्र हा क्रम उलटू शकतो. उतारावरची थंड, जड हवा ओघळून खोऱ्यात साचते आणि पहाटे नदीकाठी धुके दाटते. घाटरस्त्याने व महामार्गाने जाणाऱ्या वाहनचालकांनी ही वेळ सांभाळावी. हेच दव आणि जमिनीतील ओल यांवर भातानंतरचा वाल पोसतो. आंब्याचा मोहोरही याच थंडीची वाट पाहतो.

चार कोरडे दिवस

हळवे भात ऑक्टोबरच्या प्रारंभी, तर गरवे महिनाअखेरीस व त्यापुढे तयार होते. भात कापणे, पसरून वाळविणे, भारे बांधून खळ्यावर नेणे या कामांसाठी सलग तीन-चार कोरडे दिवस लागतात. उभे पीक सरीत बऱ्याच अंशी तग धरते. कापून पसरलेले पीक धरत नाही. म्हणून पावसाचा इशारा असताना कापणी एक-दोन दिवस लांबविणे आणि कापलेले भात त्वरित उंचवट्यावर रचून झाकणे, यातच शहाणपण आहे. साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास यावा.

हवामान विभागाच्या मुंबई केंद्राकडून जिल्हावार अंदाज व पिवळे, नारिंगी, लाल असे इशारे प्रसिद्ध होतात. विजांची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे उपयोजन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. परंतु इशारा शेताच्या बांधापर्यंत पोहोचला, तरच त्याचा उपयोग. ग्रामपंचायतीने या दोन महिन्यांत रोजचा अंदाज फलकावर लिहावा, ध्वनिक्षेपकावरून सांगावा आणि उधाणापूर्वी बाहेरकाठ्यांची पाहणी करावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, हा हिशेब शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवावा. अशा वेळी झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच राहावे.

परतीचा पाऊस थांबविणे आपल्या हाती नाही. मात्र कोयता केव्हा उचलावा आणि केव्हा खाली ठेवावा, हे ठरविणे निश्चितच आपल्या हाती आहे. वर्षभराचे धान्य सुखरूप घरी येणे बऱ्याच अंशी या एका निर्णयावर अवलंबून असते.