मैफलीआधी एक टाळी

नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात रागांत बांधलेलं कीर्तन आपण ऐकतो. चर्चमध्ये मात्र राग ऐकायला मिळेल, असं सहसा वाटत नाही. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या 'अवर लेडी ऑफ द माउंट' चॅपेलमध्ये आणि त्याच्या अंगणात 2000 नंतर मॉन्ते संगीत महोत्सव भरू लागला. तिथं पाश्चात्त्य अभिजात संगीतासोबत आपलं शास्त्रीय संगीतही रंगलं.

दगडी भिंती नि उंच छताखाली सूर रेंगाळतो. संथ आलाप भरून येतो. पण द्रुत ताना एकमेकींत मिसळतात, तबल्याचे बोल पुसट होतात. अंगणात सूर मोकळा निघून जातो. ध्वनिक्षेपक मोठा केला, तर घुमणं वाढतंच.

आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात मैफल ठेवताना आधी एक टाळी वाजवून पाहावी. ती फार घुमली, तर बैठक अंगणात मांडावी.