पायवाटेवरचा ऑस्ट्रेलिया (लेखांक ७) : उलथलेल्या मातीवरून

मागच्या आठवड्यात आपण बॅलरॅटला होतो. ३ डिसेंबर १८५४ चं तिथल्या खाणकामगारांचं युरेकाचं बंड इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १५ डिसेंबर १८५१ रोजी, कॅसलमेनजवळच्या च्यूटन इथे सुमारे पंधरा हजार खाणकामगार एका माळावर जमले होते. सोनं शोधण्याच्या परवान्याची फी महिन्याला तीस शिलिंगांवरून तीन पौंड करण्याचं सरकारने जाहीर केलं होतं. सोनं सापडो न सापडो, फी भरायचीच. सभा शांततेत पार पडली आणि ती वाढ मागे घेतली गेली. माझ्या मते युरेकाइतकाच मान या सभेला मिळायला हवा. रक्त सांडलं नाही म्हणून ती मागे पडली, एवढंच.

या आठवड्याची आमची वाट त्याच परिसरातली. बनिन्याँग डोंगरापासून बेंडिगोपर्यंत जाणाऱ्या २१० किलोमीटरच्या गोल्डफील्ड्स ट्रॅकचा हा एक तुकडा. आम्ही सगळे मेलबर्नमध्ये राहणारे, पण पाय घडले ते सह्याद्रीत. त्यामुळे नजर सवयीने वर जाते. बुरूज, माची, दरवाजा शोधते. इथे ती जमिनीकडे वळवावी लागते. ओढ्याकाठी ओळीने खड्डे, त्यांच्या कडेला खडी-मातीचे ढिगारे, मधूनच घराच्या चुलाण्याचे चार दगड. राजाचं नाव कुठेच नाही. ज्यांनी हे खणलं, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणीच लिहून ठेवलेली नाहीत.

सुरुवात मात्र एका नावाने होते. १८५१ च्या हिवाळ्यात बार्कर नावाच्या जमीनदाराकडे मेंढ्या राखणाऱ्या ख्रिस्तोफर पीटर्सला इथल्या एका घळीत सोन्याचे कण दिसले. सप्टेंबरात ती बातमी मेलबर्नच्या ‘आर्गस’ या वर्तमानपत्रात छापून आली आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. सोनं ओढ्याच्या गाळात, फार खोल नव्हतं. म्हणून फावडं आणि पाळण्यासारखी माती हलवून धुणारी पेटी एवढ्या सामानावर कुणीही नशीब आजमावू शकत होतं. माती धुतली गेली, वरचा कसदार थर वाहून गेला. हा मुलूख मुळात जा जा वुरुंग लोकांचा. ते आजही त्याला उलटी करून टाकलेली भूमी म्हणतात. समोरचा माउंट अलेक्झांडर त्यांच्यासाठी लिआंगनूक आहे.

जंगलाकडे बघितलं तरी तेच कळतं. आयर्नबार्कच्या एकेका बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं फुटलेली दिसतात. मूळ झाडं खाणींच्या आधारखांबांसाठी आणि सरपणासाठी तोडली गेली. आज उभं आहे ते खुंटांतून पुन्हा आलेलं रान.

टेकडीच्या अंगाने जाणारा कोरडा पाट दिसला तेव्हा आमच्यातला धुळ्याचा मित्र थबकलाच. पांझरेवरच्या फड बागायतीचे पाट त्याने लहानपणापासून पाहिलेले. कुठलाही पंप नाही, निव्वळ उताराच्या हिशेबावर पाणी मैलोगणती न्यायचं, हे कसब त्याला लगेच ओळखू आलं. पुढे जोसेफ ब्रॅडी या अभियंत्याने याच तत्त्वावर कोलिबन नदीचं पाणी या कोरड्या भागात आणण्याची योजना आखली.

ते पाणी काही जणांसाठी फार उशिरा आलं. कॅसलमेनच्या पूर्वेला पेनीवेट फ्लॅटचं बालकांचं कबरस्तान आहे. १८५२ ते १८५७ या काळात इथे सुमारे दोनशे जणांना पुरलं, त्यांत बहुतेक लहान मुलं आणि तान्ही बाळं. ज्या ओढ्यात माती धुतली जाई, त्याचंच पाणी पिण्याला; मग हगवण आणि ताप. जागा खडकाळ, सोनं जवळजवळ नसलेली, म्हणूनच ती कुणी उकरली नाही. बहुतेक थडग्यांवर नुसते रचलेले दगड आहेत. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. सोन्याच्या गावाची श्रीमंती वर्णन करणाऱ्या प्रत्येक पुस्तकात या टेकडीला एक पान असायलाच हवं.

तुम्हाला यायचं असेल तर मेलबर्नहून कॅसलमेनला थेट रेल्वे आहे. हा मार्ग १८६२ पासून चालू आहे. भर उन्हाळा टाळा आणि मळलेली वाट सोडू नका, कारण जुन्या खाणींची तोंडं अजूनही झुडपांत उघडी आहेत.

पुढच्या लेखात चिनी कामगारांची वाट. १८५५ मध्ये इथल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि या खाणींपर्यंत ४०० किलोमीटरहून अधिक अंतर पायी चालत आले.