सोळा हजारांचा हेडफोन म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन: घ्यावा की नाही, सरळ हिशेब

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘किंमत आणि मोल’ यातला फरक बघितला. त्यात हेडफोनचं उदाहरण दोनच मिनिटं आलं, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच आले. विद्यार्थी विचारतायत, “सर, महागडा हेडफोन घेऊ का?” आणि दुकानदार विचारतायत, “सर, महागडा हेडफोन दुकानात ठेवू का?” दोघांचं उत्तर वेगवेगळं आहे, म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय.

विष्णुपुरीत दुकान चालवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. एका बाजूला एसजीजीएस अभियांत्रिकी, दुसऱ्या बाजूला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुढे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. होस्टेलची, भाड्याच्या खोल्यांची लेकरं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या खात्यात येणारा पैसा हा कंधार, मुखेड, किनवट, अहमदपूरच्या शेतातून आलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सोळा हजारांचा हेडफोन म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. त्यामुळे “आवड असेल तर घ्या” असं गुळमुळीत उत्तर मी देत नाही. हिशेब करूया.

जास्त पैशात नेमकं काय मिळतं?

पाचशे रुपयांच्या इअरफोनवरून दोन-अडीच हजारांच्या चांगल्या वायरवाल्या इअरफोनवर गेलात तर फरक कुणालाही कळतो. आवाज स्वच्छ होतो, तबल्याचा बायां नुसता ‘धप्प’ न वाजता घुमतो, गाणाऱ्याचे शब्द सुटे ऐकू येतात. दोन हजारांवरून दहा हजारांवर गेलात तरीही फरक आहे, पण तो लक्ष देऊन ऐकावा लागतो. दहा हजारांवरून तीस हजारांवर गेल्यावर फरक शोधावा लागतो. आणि तीस हजारांच्या पुढे बऱ्याचदा फरक ‘चांगलं-वाईट’ असा राहत नाही, ‘वेगळं’ एवढाच राहतो. शेतीतल्या खतासारखं आहे बघा. पहिलं पोतं टाकल्यावर पीक उठून दिसतं, चौथं पोतं टाकल्यावर फक्त खताचं बिल उठून दिसतं.

हे मी नुसतं काउंटरवरच्या अनुभवावरून सांगत नाही. २०१७ मध्ये येरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनची मोजमापं तपासली. कोणता हेडफोन कोणता स्वर किती जोरात वाजवतो, याचा आलेख आणि त्याची किंमत यांचा मेळ बसतो का, हे त्याने बघितलं. निष्कर्ष काय? मेळ बसत नाही. महाग म्हणून आवाजाचा आलेख चांगला, असं काही दिसलं नाही.

मग जास्तीचा पैसा जातो कुठे? मजबूत बांधणी, धातूची पट्टी, मऊ गाद्या, बदलता येणारी वायर, सुटे भाग मिळण्याची सोय, कमी संख्येत होणारं उत्पादन, आणि ब्रँडचं नाव. यातल्या काही गोष्टी खरोखर कामाच्या आहेत. पण त्या ‘आवाज’ म्हणून विकल्या जातात, तिथे गिऱ्हाइकाने सावध व्हायचं.

‘हाय-रेझ’चा शिक्का आणि आपले कान

डब्यावर सोनेरी शिक्का असतो, ‘चाळीस हजार हर्ट्झपर्यंत’. माणसाचा कान तरुणपणी जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. म्हणजे वरच्या वीस हजारांचे पैसे आपण जे ऐकूच येत नाही त्यासाठी देतो.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली, तिचा हिशेब सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट. तो आकडा माणसाच्या कानाची हद्द बघूनच ठरवलेला होता. २००७ मध्ये मायर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्याला न सांगता कधी उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट वाजवायचं, कधी तेच सीडीच्या दर्जातून गाळून वाजवायचं, आणि ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे जवळपास निम्मं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच आलं असतं!

आणि आपण ऐकतो काय? बाल गंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं असतील, तर त्यातली खरखर महागड्या हेडफोनमध्ये जास्त स्पष्ट ऐकू येईल, गाणं नाही. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेलं भजन सोन्याच्या हेडफोनवर लावलं तरी फाटकंच वाजणार. विहिरीत नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट २०१६ च्या ‘सैराट’चं संगीत घ्या. त्यातला मोठा वाद्यवृंद अमेरिकेतल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला होता. असं नीट मुद्रित झालेलं गाणं चांगल्या हेडफोनवर ऐकलं की व्हायोलिनचे थर वेगवेगळे होतात. आधी स्रोत सुधारा, मग हेडफोन.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट. ब्लूटूथमध्ये एलडॅकसारखी चांगली पद्धतसुद्धा ९९० पर्यंतच जाते, आणि आयफोनमध्ये ती चालतच नाही. रोजच्या ऐकण्याला ब्लूटूथ पुरेसं आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त ‘अस्सल स्टुडिओ आवाज, तोही बिनवायरचा’ या वाक्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

मराठवाड्याचा उन्हाळा डब्यावर छापलेला नसतो

जाणकारांचे लाडके हेडफोन बरेचदा पाठीमागून उघडे असतात. जर्मन कंपनी सेनहायझरचा एचडी ६०० हे त्यातलं मोठं नाव. १९९७ साली आला, आजही विकला जातो. आवाज अप्रतिम, मोकळा. पण उघड्या जाळीतून बाहेरचा आवाज आत येतो आणि आतलं गाणं बाहेर जातं.

आता आपली खोली बघा. मे महिना, बेचाळीस अंश, कूलर फुल्ल, वर पंखा, शेजारच्या खोलीत तिघांची चर्चा. ज्या बारकाव्यासाठी तुम्ही पंचवीस हजार दिले, तो बारकावा कूलरच्या घरघरीत बुडाला. आणि रूममेटला तुमचं गाणं फुकट! शिवाय हा हेडफोन ३०० ओहमचा आहे. मोबाइलला थेट जोडला तर बऱ्याचदा आवाज दबका येतो, मग वेगळा अॅम्प्लिफायर घ्या. म्हणजे पंचवीस हजार हा फक्त प्रवेश फी.

बंद हेडफोनमध्ये दुसरी अडचण, घाम. कानावरच्या गादीचं रेक्झिन आपल्या हवेत दीड-दोन वर्षांत सोलायला लागतं. म्हणून माझ्या काउंटरवर मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न सांगतो तो आवाजाचा नाही: “याची गादी वेगळी मिळते का?” मिळत असेल तर हेडफोन टिकेल. मिळत नसेल तर गादीसोबत हेडफोनही गेला समजा.

कुणासाठी पैसे वसूल?

१. *ज्याची रोजीरोटी आवाजावर आहे तो.* लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, पॉडकास्ट करणारा, गाणं रेकॉर्ड करणारा, स्वतःच्या दुकानाचं चॅनल चालवणारा. त्याला आवाजातला दोष गिऱ्हाइकाच्या आधी कळला पाहिजे. पण त्यालाही लाखाचा हेडफोन लागत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओत वापरला जातो, आणि तो साधारण दहा हजारांच्या आसपासच्या वर्गातला आहे. वायरवाला, बंद, सुटे भाग मिळणारा. एडिटिंगला वायरच घ्या, कारण ब्लूटूथमध्ये आवाज ओठांच्या मागे पडतो.

२. *जो रोज तासन्‌तास गोंगाटात असतो.* नांदेड-लातूर एसटीने रोज अप-डाऊन करणारे, ऑनलाइन लेक्चर ऐकणारे. त्यांना बाहेरचा आवाज दाबणारा हेडफोन उपयोगी पडतो, पण कारण संगीताचं नाही, कानाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं की मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास! एसटीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो आणि ही मर्यादा दोन दिवसांत ओलांडतो. बाहेरचा गोंगाट दाबला गेला तर आवाज कमी ठेवून भागतं. हेडफोन बदलता येतो, कानाची गेलेली शक्ती परत येत नाही.

३. *ज्याला खरंच कान लावून ऐकायची सवय आहे.* दिवसातून तासभर शांत बसून राग ऐकणारा, स्वतः गाणारा-वाजवणारा. कर्ज न काढता, कुणाच्या फीला हात न लावता घेत असेल तर खुशाल घ्यावा. आनंदाला किंमत असते.

या तिघांत बसत नसाल तर दोन-तीन हजारांच्या आत चांगला वायरवाला इअरफोन घ्या. फोनला गोल जॅक नसेल तर हजाराच्या आत टाइप-सीचा चांगला कनेक्टर येतो. तीन क्विंटल सोयाबीन वाचलं.

वर्षाला किती पडतो, हे बघा

‘किती रुपयांचा’ यापेक्षा ‘वर्षाला किती रुपयांचा’ हा खरा प्रश्न. समजा पंधराशेचे बिनवायरचे बड्स दीड वर्षात बॅटरीने मान टाकतात. वर्षाचे हजार रुपये झाले. दहा हजारांचा वायरवाला हेडफोन गाद्या बदलत दहा वर्षं चालला, तरी वर्षाचे हजारच, वर गाद्यांचा खर्च. म्हणजे महाग वस्तू दरवेळी महाग नसते. पण वीस हजारांचा बिनवायरचा हेडफोन तीन-चार वर्षांत बॅटरीपायी कपाटात गेला, तर वर्षाला पाच-सहा हजार पडले. तिथे नीट विचार करा.

व्यवसायासाठी घेत असाल तर पक्कं बिल घ्या. २०,००० च्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६०० रुपये. तुमची नियमित नोंदणी असेल आणि वस्तू धंद्यासाठी असेल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं, तुमच्या सीएला विचारा. बिल नाही तर क्रेडिट नाही, वॉरंटीही नाही.

आता दुकानदार मित्रांसाठी

समजा तुमच्याकडे २०,००० रुपये आहेत. एक महागडा हेडफोन आणून ठेवला, त्यावर १० टक्के सुटले तर २,००० रुपये. तो सहा महिन्यांनी विकला गेला. वर्षाला झाले ४,०००. त्याच पैशात हजार-हजारचे वीस नग आणले, नगामागे २०० सुटले, आणि माल महिन्याला फिरला, तर वर्षाला ४८,०००. भांडवल तेच, फिरकी वेगळी. लातूरच्या गंजगोलाईतला जुना व्यापारी हे कॉलेजात न जाता जाणतो.

म्हणून महाग माल शोकेसमध्ये भरू नका. एक चांगला डेमो पीस ठेवा, ऑर्डर आली की आगाऊ रक्कम घेऊन मागवा. त्याऐवजी गाद्या, रबरी टिप्स, कनेक्टर, वायर यांचा साठा करा. हा छोटा माल गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानात आणतो. बिनवायरच्या मालावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघूनच खरेदी करा.

आणि डेमो देताना प्रामाणिक राहा. बाजारातली जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे: महागडा पीस जरा मोठ्या आवाजात वाजवायचा. मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. गिऱ्हाइकांनो, म्हणून दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा करून मागा, आपलं स्वतःचं ओळखीचं गाणं लावा, आणि मित्राला सांगा की कोणता कोणता ते न सांगता कानाला लाव. पाच वेळा करा. पाचही वेळा महागडा ओळखला आणि आवडला, तर पैसे देण्याला अर्थ आहे. नाही ओळखता आला, तर हसा आणि स्वस्तातला घेऊन घरी जा.

कधी एखादे वडील सोबत येतात आणि हळूच विचारतात, “मालक, लेकरू म्हणतंय अभ्यासाला लागतो. खरंच लागतो का हो एवढ्याचा?” दुकानदाराची खरी परीक्षा तिथे असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: “मामा, अभ्यासाला दोन हजाराचा पुरतो. बाकीचे ठेवा, पुस्तकाला लागतील.” त्या दिवशी गल्ल्यात चौदा हजार कमी पडतात. पण पुढच्या वर्षी त्यांच्या गावातली आणखी चार लेकरं विष्णुपुरीत शिकायला येतात, आणि मोबाइलची काच बदलायला, चार्जर घ्यायला कुठल्या दुकानात जायचं हे मामांनी त्यांना आधीच सांगितलेलं असतं. याला जाहिरातीचा खर्च शून्य.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातल्या सगळ्यात महाग पाच वस्तू लिहून काढा. प्रत्येकीपुढे ती किती महिने पडून आहे आणि वर्षाला किती देते हे लिहा. यादी पूर्ण झाली की कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात पडून राहिलेला माल कसा मोकळा करायचा यावर बोलू.