प्रवासात सूट कशातून न्यावा? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिल्लीतली बैठक, बंगळुरूतलं सादरीकरण, दुबईतलं प्रदर्शन. कामानिमित्त फिरणाऱ्याला सूट सोबत न्यावाच लागतो. तो शिवून घेताना आपण कापड निरखतो, दोनदा ट्रायल देतो, बाहीची लांबी बोटभर कमी-जास्त करून घेतो. बॅग घेताना मात्र रंग, चाकं आणि सवलत एवढंच पाहतो. मग मुक्कामी पोचल्यावर कोटाच्या पाठीवर आडव्या सुरकुत्या दिसतात आणि दोष इस्त्रीवाल्याला दिला जातो.

इस्त्री तीन गोष्टींवर चालते: उष्णता, ओल आणि दाब. बंद बॅगेत याच तीन गोष्टी तासन् तास एकत्र असतात, फक्त घडी आपल्याला नको तिथे पडते. त्यामुळे सूटसाठी बॅग निवडताना विचारायचा प्रश्न एकच. आतला कोट किती दाबला जाईल आणि किती घसरेल? या कसोटीवर आपले नेहमीचे समज तपासून पाहू.

गैरसमज १: लांब सूट कव्हर हाच सर्वांत सुरक्षित मार्ग.

वस्तुस्थिती: ते टांगून नेता आलं तरच. मुंबईहून पुण्याला स्वतःच्या गाडीने जाताना मागच्या खिडकीवरच्या हुकाला टांगलेल्या कव्हरला तोड नाही. रेल्वेच्या एसी डब्यात बर्थजवळच्या हुकावरही जमतं. विमानात चित्र बदलतं. कोट टांगायचं कपाट असलंच, तर ते बहुधा पुढच्या वर्गासाठी राखलेलं असतं. इकॉनॉमीत आपलं कव्हर दुमडून डोक्यावरच्या कप्प्यात जातं आणि त्याच्यावर इतरांच्या ट्रॉली बॅगा येऊन बसतात. शिवाय देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोंपर्यंतची एकच मोठी हँडबॅग नेता येते, आणि हे कव्हरच ती बॅग म्हणून धरलं जाऊ शकतं.

विमानप्रवास जास्त असेल तर मधोमध दुमडणारी सूट बॅग पाहा. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: हँगर जागच्या जागी धरणारी क्लिप, कोटाला आवरणारे आडवे पट्टे आणि दुमडण्याच्या जागी जाड, गोलसर गादी. ती गादी नसेल तर कोट बरोबर कमरेत मोडतो.

गैरसमज २: कडक कवचाच्या बॅगेत सूट चुरगळत नाही.

वस्तुस्थिती: कवच बाहेरचा धक्का अडवतं, आतली घसरण अडवत नाही. आज आपण ओढतो ती उभी ट्रॉली रॉबर्ट प्लाथ या अमेरिकी वैमानिकाने १९८७ मध्ये तयार केली. लांब दांडा आणि चाकं यांमुळे खांद्याचा भार गेला, पण बॅग प्रवासभर अरुंद बाजूवर उभी राहू लागली. अर्धी रिकामी बॅग उभी केली की आतले सगळे कपडे तळाशी गोळा होतात, आणि कोट तिथेच चुरगळतो.

म्हणून ‘असू दे मोठी, कामाला येईल’ असं म्हणून घेतलेली बॅग सूटला मानवत नाही. सामानाने जेमतेम भरेल एवढीच बॅग घ्या. मधोमध उघडणाऱ्या कडक बॅगेचा एक भाग सूटसाठी राखा आणि त्यावर चेनची जाळी किंवा पूर्ण पडदा आहे ना, ते पाहा. केवळ फुलीच्या आकाराचे इलॅस्टिकचे पट्टे असतील तर तेच कोटावर वळ उमटवतात. कापडी बॅगांच्या झाकणात कधी कधी सूटसाठी वेगळा, उलगडणारा कप्पा असतो. तिथे सूट बाकीच्या सामानाच्या वर राहतो, त्यामुळे ही सोय खरोखर उपयोगाची आहे.

गैरसमज ३: कोटाला घडी घातली की तो बिघडलाच.

वस्तुस्थिती: मध्यम अंगाच्या पुरुषाचा कोट कॉलरपासून खाली साधारण ७५ सेंटिमीटर भरतो, तर केबिन बॅगेची उंची ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते. घडी टळणारच नाही. नुकसान करते ती धारदार घडी. गोलसर घडी कापड सोसतं.

टेलर मंडळींची पद्धत अशी. कोटाची बटणं काढा. डावा खांदा उलटा करा, म्हणजे त्याचं अस्तर बाहेर येईल. बाही मात्र आतच राहू द्या. आता उजवा खांदा आहे तसाच त्या उलट्या खांद्याच्या पोकळीत बसवा. खांद्याची पॅडं एकात एक बसली, की कोट पाठीच्या मधल्या शिवणीवर उभा मिटतो आणि बाहेरून फक्त अस्तर दिसतं. आता घासलं गेलं तर अस्तर घासलं जाईल, वरचं कापड सुरक्षित.

मग पँट क्रीजवर जुळवून तिचा कमरेकडचा अर्धा भाग बॅगेत पसरा, पाय बाहेर लोंबू द्या. तिच्यावर कोट ठेवा, कोटाच्या मध्यावर टी-शर्टची गुंडाळी आडवी ठेवा आणि कोट त्या गुंडाळीवरून दुमडा. शेवटी पँटचे पाय वरून आत घ्या. कोट आणि पँट एकमेकांना आधार देतात आणि दोघांनाही करकरीत मोड पडत नाही. बंदगळा नेत असाल तर त्याच्या उभ्या कॉलरमध्ये मोज्यांची गुंडाळी ठेवा. ती कॉलर एकदा चेपली की प्रवासात पूर्ववत करणं कठीण असतं.

गैरसमज ४: कापड जितकं महाग, तितकं कमी चुरगळतं.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा उलटं घडतं. कापडाच्या काठावर ‘सुपर १००’, ‘सुपर १५०’ असं छापलेलं असतं. तो आकडा लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो. सुपर १०० मध्ये तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, तर सुपर १५० मध्ये १६.२५ मायक्रॉन. आकडा वाढतो तसा तंतू बारीक होतो आणि स्पर्श मऊ लागतो, पण कापड नाजूक होतं आणि सुरकुत्या लवकर धरतं. सतत फिरणाऱ्याला सुपर १०० ते १२० पुरे. त्यातही घट्ट पिळाच्या सुताचं कापड मिळालं तर उत्तम.

लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. ताणला किंवा दाबला तरी मोकळा सोडल्यावर मूळ आकाराकडे परततो. लिननला ही लवचीकता नाही. लिननचा सूट कोणत्याही बॅगेतून न्या, सुरकुत्या येणारच.

गैरसमज ५: लाँड्रीची प्लास्टिक पिशवी सूटला घातक असते.

वस्तुस्थिती: घरच्या कपाटात घातक, प्रवासात मदतीची. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते, म्हणून कपाटात कापडी किंवा हवा खेळेल असं कव्हर हवं. बॅगेत मात्र ती गुळगुळीत पिशवी कापडावर कापड अडकू देत नाही, आणि घर्षण कमी म्हणजे सुरकुती कमी. सूट पूर्ण कोरडा असेल तेव्हाच ती वापरा आणि पोचताच काढून टाका.

गैरसमज ६: हॉटेलच्या बाथरूममधली वाफ सगळं निस्तरते.

वस्तुस्थिती: लोकरीच्या हलक्या सुरकुत्या वाफेने सैल पडतात, हे खरं. पण दमट कोट लगेच अंगात घातला तर खुर्चीत बसल्याबसल्या नव्या सुरकुत्या पक्क्या होतात. वाफ दिल्यावर कोट रुंद हँगरवर कोरडा होईपर्यंत टांगून ठेवायला हवा, आणि त्यासाठी रात्रीचा वेळ लागतो. सकाळी उतरून थेट बैठकीला जायचं असेल, तर वाफेच्या भरवशावर राहू नका. कोट अंगावर घालूनच निघा आणि आसनावर बसताना काढून, अस्तर बाहेर करून, सामानाच्या सर्वांत वर ठेवा.

बॅग खरेदीला जाताना आपला कोट सोबत न्या. दुकानात तो बॅगेत घाला, चेन लावा, बॅग उभी करून दुकानभर फिरवा आणि मग उघडून पाहा. कोट जागेवर आहे का? पट्टे रुतले का? रिकाम्या बॅगेचं वजनही विचारा. ७ किलोंच्या मर्यादेत तीन-चार किलो बॅगेचेच गेले, तर बूट आणि लॅपटॉप कुठे ठेवणार? या परीक्षेला उतरेल ती बॅग आपली, आणि तिची किंमत व सवलत त्यानंतर बघायची.