वन्संच्या सलाइनमधलं प्लॅटिनम

वन्संना अंडाशयाचा कॅन्सर. केमोचं औषध सिस्प्लॅटिन. "यात प्लॅटिनम असतं," सिस्टर म्हणाल्या. वन्सं हसल्या, "लग्नात सोनंसुद्धा मोजून मिळालं हो!"

मी मग वाचून काढलं. अमेरिकेत मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू दुणावेनात, नुसतेच लांबत गेले. करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून पाण्यात उतरलेल्या धातूची होती! हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं; १९७८ मध्ये तिथे औषधाला मंजुरी मिळाली. ते पेशीतल्या डीएनएला चिकटून बसतं. पण त्याला आपलं-परकं कळत नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. वन्संच्या इतक्या घटल्या, की तिसरा डोस पुढे ढकलला. सर्दी झालेल्या नातवाने आजीला दारातूनच टाटा केला.

काल रिपोर्ट आला. पेशी चार हजारांवर! उद्या पुन्हा सलाइन. वन्संनी आवळासुपारीची डबी आत्ताच पिशवीत टाकलीय.