कॉम्प्युटर सारखा रिस्टार्ट होतोय? फॉरमॅटची घाई नको!

घरातच टॉवेल-चादरीचा किंवा युनिफॉर्मचा व्यवसाय, बिलं-उधारी सगळी एकाच कॉम्प्युटरवर, आणि तोच सुरू होता होता बंद पडतोय? आधी हे करा.

१. स्विच बंद करून वायर काढा. कॅबिनेट उघडा, पंख्यात अडकलेली धूळ, सुताचे तंतू ब्रशने काढा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो आणि मशीन बंद पडतं.

२. रॅम काढून नीट परत बसवा.

३. तरी तेच? मेकॅनिककडून दुसरा एसएमपीएस लावून बघा.

फॉरमॅटचा विषय निघाला तर स्पष्ट सांगा, "आधी डेटा कॉपी करा." मशीन नवं मिळतं, उधारीचा हिशेब नाही. मशीन चालू असेल तर बॅकअप आजच घ्या!