मळीपासून इंधनाकडे : टक्केवारीपलीकडचे मोजमाप

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी उसातून साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट, चिकट द्रव म्हणजे मळी. ती आंबवून ऊर्ध्वपातनाने मिळवलेल्या मद्यार्कातील पाणी जवळजवळ संपूर्ण काढले, की इंधनयोग्य इथेनॉल तयार होते. याबाबतची देशाची प्रगती पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलच्या प्रमाणावरून मोजली जाते : १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, आणि २० टक्क्यांचे, मुळात २०३० साठी ठरलेले, उद्दिष्ट २०२५ मध्येच साध्य झाले. मात्र या आकड्यात उसाला लागलेले पाणी दिसत नाही, आणि सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांवर विसंबलेल्या हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे खर्ची पडलेल्या पाण्याचीही नोंद झाली पाहिजे.